चक्रावरची मुंगी

मुक्ती तिसऱ्या मजल्यावर होती आणि तिथवर जायला लिफ्ट नव्हती. पहिला मजला ‘बंड’, दुसरा ‘स्वप्न’, तिसरा ‘मुक्ती’, अशी नावं जिन्याच्या वळणावळणावर लाल रंगात लिहिली होती, आणि लिहिणाऱ्याचा हात अगदीच भिकार होता. बासष्ट वर्षांची एक बाई खांद्याला पिशवी आणि काखेत पत्र्याची लांब नळी घेऊन तो जिना चढत होती आणि प्रत्येक वळणावर त्या अक्षरांना नाक मुरडत होती.

“गरम पाणी सात ते नऊ,” पुढे चाललेल्या हॉटेलच्या मालकीणबाई सांगत होत्या. “बाथरूम पाच खोल्यांत मिळून एक. स्वयंपाकघर खाली, सगळ्यांचं. आपला कप आपण धुवायचा. आणि भिंतीवर काही लिहायचं नाही.”

शेवटचं वाक्य ऐकून बाईला हसू आलं. चाळीस वर्षांपूर्वी याच भिंतींवर लिहायला बोटभर जागा उरली नव्हती. तेव्हा हे हॉटेल नव्हतं. कुणाच्या तरी आत्याने सोडून दिलेली ही पडकी इमारत होती आणि तिला सगळे ‘मोकळं घर’ म्हणत. घरातून पळालेली, कॉलेजातून काढलेली, नोकरीवर थुंकून आलेली वीस-बावीस मुलंमुली इथे एकत्र राहत, तळघरात पत्रकं छापत आणि जग बदलण्याच्या गोष्टी करत. जग काही बदललं नाही. गल्ली मात्र बदलली. पत्रकांच्या तळघरात आता कॉफी मिळते, आणि समोरच्या दुकानात फाटके शर्ट विकायला टांगलेत, मुद्दाम फाडलेले.

या घरात तिला मुंगी म्हणत. सगळ्यांत लहान, आणि बघावं तेव्हा काहीतरी उचलून नेत असलेली, म्हणून मुंगी. नाव ठेवलं होतं दादाने, तिच्या सख्ख्या मोठ्या भावाने. तोच तिला इथे घेऊन आला होता आणि तोच आता, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, दर शनिवारी पाहुण्यांना ही गल्ली हिंडवून दाखवायचा. जुना कोट घालायचा, ‘आम्ही’ म्हणायचा, आणि लोक माना डोलवायचे.

आताही त्यानेच बोलावलं होतं. त्या काळात मुंगीने काढलेली सात पोस्टरं तिच्याकडे होती, नळीत गुंडाळलेली, वाळवी लागू न देता जपलेली. ती हॉटेलच्या जिन्यात कायमची लावायची होती. उद्या चार वाजता तिने संमतीपत्रावर सही करायची, पोस्टरं द्यायची, प्रत्येकाखाली पाटी येणार: ‘मोकळं घर समूह’. नाव कुणाचंच नाही. “आपण तेव्हा सह्या करत नव्हतो, मुंगे,” दादा फोनवर म्हणाला होता. “आपलं काहीच एकट्याचं नव्हतं. तेच तर खरं सौंदर्य.”

आणि मुंगीला ते पटलं होतं. नाव नको म्हणायला ती तयारच होती. का, ते समजायचं तर तिच्या आईच्या घरात डोकवावं लागेल. तिथे दादा पुस्तक घेऊन बसायचा आणि मुंगी भांडी घासायची; दादा मुलगा होता आणि ती मुलगी होती, विषय संपला. मोकळ्या घरात आल्यावर पहिल्यांदा तिने पाहिलं की काम कुणाच्या वाट्याला जावं हे कोण मुलगा आणि कोण मुलगी यावर ठरत नाही. ते चक्र ठरवतं.

चक्र दादाने केलं होतं. परातीएवढी लाकडाची तबकडी, तिच्यावर आठ घरं आणि आठ चित्रं: घुबड, किटली, शिडी, मासा, छत्री, कावळा, चंद्र, मुंगी. घरात कायमचे राहणारे ते आठ जण. बाकीचे आज आले, उद्या गेले. चित्रं मुंगीनेच रंगवली होती. रोज सकाळी जो आधी उठेल त्याने चक्र एकदा फिरवायचं, खाली पत्र्याचा बाण होता त्याच्यासमोर जे चित्र थांबेल त्याने दिवसभर घरात राहून सगळ्यांचं रांधायचं, धुवायचं, दार सांभाळायचं. दुसऱ्यांदा फिरवायचं नाही. अदलाबदल नाही. मुंगीवर ते जास्त वेळा थांबायचं हे खरं, पण तिला वाटायचं, आपलं नशीबच तसलं. नशिबावर रागावता येतं, पण त्याच्याशी भांडता येत नाही. निदान इथे आईसारखं कुणी गृहीत तर धरत नाही ना, या एका गोष्टीवर ती चार वर्षं आनंदाने राबली. तीच वर्षं आयुष्यातली सगळ्यांत चांगली, असं ती पुढे प्रत्येकाला सांगत आली.

खोलीत पलंग, खुंटी आणि एक खुर्ची होती. टॉवेल इतका विरलेला की त्यातून पेपर वाचता आला असता. गादीला प्लास्टिकचं कव्हर. कूस बदलली की करकर वाजायचं. याच खोलीत तेव्हा पाच मुली जमिनीवर झोपायच्या. मुंगीने नळी उशाशी घेतली आणि करकर ऐकत समाधानाने झोपली. ते समाधान सकाळच्या चहापर्यंत टिकलं.

खालचं स्वयंपाकघर तेच होतं. तीच दगडी मोरी. वर आता चकचकीत नळ बसवलेला. आणि मोरीशेजारी, जुन्याच जागी, चक्र. तिच्या हातची चित्रं. कावळ्याचा डोळा जरासा पुसला होता, एवढंच.  मग तिने चक्राखालची पाटी वाचली: ‘नियतीचं चक्र. मोकळ्या घरातले तरुण रोज सकाळी यासमोर ध्यान करत. फिरवा आणि आपलं भविष्य जाणून घ्या.’ खाली खोक्यात आठ प्रकारची कार्डं.

“ध्यान!” ती मोठ्याने म्हणाली. “अहो, भांडी घासायची पाळी लावायचो आम्ही याच्यावर!”

“हो का?” ब्रेड कापत असलेल्या मालकीणबाईंनी वर पाहिलं. “तुमच्या भावाने तर ध्यान म्हणून सांगितलं. पाहुण्यांना आवडतं हो, ताई. फिरवा ना तुम्ही पण.”

मुंगीने फिरवलं. चक्र गरगर फिरलं, मंदावलं, थोडं मागे आलं, पुढे गेलं आणि थांबलं. मुंगी.

“बघा,” ती हसत म्हणाली, “अजून पाठ सोडत नाही मेलं. चाळीस वर्षं झाली तरी माझ्यावरच.”

“तुमच्यावर कसलं,” मालकीणबाई म्हणाल्या. “सगळ्यांवरच मुंगी येते. ती कार्डं मला दर महिन्याला छापून घ्यावी लागतात. बाकीचे गठ्ठे तसेच पडलेत, हात लावलेला नाही. आधी लाकडाच्या खुंटीवर होतं तेव्हा अडकत अडकत फिरायचं, मग काहीही यायचं. मागल्या वर्षी आमच्या मिस्त्रीने बेअरिंग बसवलं, तेव्हापासून मुंगी म्हणजे मुंगीच.”

मुंगीने पुन्हा फिरवलं. मुंगी. उलट्या बाजूने फिरवलं. मुंगी. जोर करून, मग हळूच, मग नुसतं बोटाने ढकलून. मुंगी, मुंगी, मुंगी. खोक्यातून तिने एक कार्ड उचललं. त्यावर छापलं होतं: ‘तुमच्या कष्टांचं चीज होईल.’

“स्क्रू-ड्रायव्हर आहे?” तिने विचारलं.

तिचा चेहरा बघून मालकीणबाईंनी का म्हणून विचारलं नाही. चक्र उतरवून तिने टेबलावर पालथं टाकलं. मागची बाजू काळ्या रंगाने रंगवलेली होती. मुंगीच्या घरामागे, अगदी कडेला, तिने नख फिरवलं तर लाकूड लागेना. रंग खरवडला. आत शिसं होतं. बोराएवढा खड्डा करून त्यात ओतलेलं, वरून घासून सपाट केलेलं, नीटनेटकं. तळघरात छपाईच्या खिळ्यांचं शिसं पडलेलं असायचं. आणि असं काम करणारा हात त्या घरात एकाचाच होता.

तिने खुर्ची ओढली आणि बसली. डोळ्यांसमोर एकेक गोष्ट येऊ लागली. बाण वर न लावता खाली का, असं तिने तेव्हा विचारलंही होतं. दादाने केवढं भाषण ठोकलं होतं! बाण जमिनीकडे बघणारा हवा, कारण आपण जमिनीवरची माणसं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. जमिनीवरची माणसं! जड बाजू खाली येते म्हणून बाण खाली होता, दुसरं काही नाही.

आणि मेणबत्ती. ती आठवली तशी तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

चित्रकलेच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा होती. मुंगीने वर्षभर तयारी केली होती, पेन्सिली तासून ठेवल्या होत्या, आणि नेमकी त्याच दिवशी मोकळ्या घरात मोठी सभा ठरली. बाहेरगावचे साठ जण जेवायला. आदल्या संध्याकाळी दादा चक्राजवळ खुडबुड करत होता. खुंटी कुरकुरते म्हणाला, जरा मेणबत्तीचा तुकडा दे. तिने दिला. नुसता दिला नाही, तो मेण चोळत होता तेव्हा तबकडी धरून उभीही राहिली. उद्या तरी आपलं चक्र नीट फिरावं म्हणून दादा किती झटतोय, असं तिला वाटलं होतं. सकाळी चक्र लोण्यासारखं फिरलं आणि मुंगीवर थांबलं. तिने हातापाया पडून विनवलं, आजच्या दिवस कुणीतरी बदली करा. दादाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “चक्रापुढे आपण सगळे सारखे, मुंगे. आज तुला सूट दिली तर उरलं काय आपलं?” तिला ते पटलं होतं! तिने डोळे पुसले आणि साठ माणसांचे बटाटे सोलायला बसली.

पुढल्या वर्षी वयाची अट उलटून गेली होती. मग एकतीस वर्षं एका छापखान्यात तिने साबणाच्या वेष्टणांवरची फुलं काढली, खोकल्याच्या औषधांच्या लेबलांना वेलबुट्ट्या काढल्या. तिथेही नाव कुठे नसायचं.

“ताई, पाणी देऊ का?” मालकीणबाईंनी विचारलं.

“नको. हे परत होतं तसं लावा. दादाला काही सांगू नका.”

चार वाजेपर्यंतचा वेळ तिने गल्लीत काढला. बसवतच नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत, काखेत नळी. फाटक्या शर्टांच्या दुकानासमोर थांबून तिने दुकानदाराला सुनावलं, की बाबा, आमचे शर्ट कपाटं हलवून आणि कोळसा वाहून फाटायचे. त्याने नम्रपणे दुसरा साइज दाखवला. राग तिला अंगाबाहेर काढून टाकता येईना. परीक्षा गेली त्याचं दुःख तिने केव्हाच गिळलं होतं. पण ती चार वर्षं? आईच्या घरात निदान सगळं तोंडावर होतं. भांडी घास, कारण तू मुलगी. इथे तेच केलं, वर तिच्याच हातून चित्रं रंगवून घेतली, तिच्याच हातून मेणबत्ती घेतली आणि त्याला समता म्हटलं. तिची सगळ्यांत चांगली वर्षं कुणीतरी मागून भोक पाडून शिसं भरून ठेवली होती, आणि ती आयुष्यभर त्यांची आरती ओवाळत हिंडली होती.

चारला स्वयंपाकघरात दादा आला तो जुन्या कोटात. बरोबर किटली होती. तीही त्या आठांतली, आता गुडघे धरून चालणारी, पांढऱ्या केसांची, पण हसणं अजून तसंच उकळत्या पाण्यासारखं. मालकीणबाईंनी चहा केला. दादाने नेहमीप्रमाणे दोन कप घेतले, एक संपवून दुसरा. संमतीपत्र टेबलावर पसरलं, त्यावर पेन ठेवलं.

“चल मुंगे,” तो म्हणाला, “इतिहासावर सही कर.”

“करते. आधी तू चक्र फिरव.”

“आता? कशाला?”

“जुन्या आठवणीसाठी रे. फिरव.”

दादाने हसत उठून फिरवलं. मुंगी. किटली खळखळून हसली.

“अजून एकदा.”

“दुसऱ्यांदा फिरवायचं नाही असा नियम होता,” दादा म्हणाला. पण आवाज जरा उतरला होता.

“नियम माझ्या चांगला लक्षात आहे. फिरव.”

मुंगी. मग तिने स्वतः फिरवलं, मग किटलीला फिरवायला लावलं. चौथ्या वेळी किटलीचं हसू मावळलं.

“जुनं लाकूड आहे,” दादा म्हणाला. “हवेने वाकतं, एका बाजूला जड होतं...”

तिने खिडकीतला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन चक्र उतरवलं आणि त्याच्या चहाच्या कपाशेजारी पालथं टाकलं. खरवडलेल्या रंगातून शिसं चमकत होतं.  मालकीणबाई ओट्याशी हात पुसत उभ्या होत्या, आणि पुसून झाल्यावरही पुसतच होत्या.

“अगं, चेष्टा होती ती,” दादा शेवटी म्हणाला.

“चार वर्षांची?”

“हे बघ, तू समजून घे. ते बाकीचे. शिडीने एकदा रांधलं होतं, आठवतं? अर्धं घर आजारी पडलं. कावळा तर दार उघडं टाकून निघून जायचा. तू नीट करायचीस. तुझ्यावर आलं की मी निर्धास्त असायचो. घर चालायला हवं होतं ना, मुंगे? एवढी मोठी गोष्ट उभी करत होतो आपण.”

“मग तसं तोंडावर म्हणायचं होतंस. म्हणायचं, तू चांगली राबतेस, तूच राब. आई म्हणायची तसं. मी भांडले असते. भांडता आलं असतं मला!” तिचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. “नशीब म्हणून गळ्यात मारलंस माझ्या. नशिबाशी काय भांडू मी? आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी मेण चोळलंस. मेणबत्ती मी दिली, दादा. तबकडी मी धरली.”

दादा कोटाचं बटण चाचपत राहिला. “मला वाटलं, परीक्षा काय, पुढच्या वर्षीही होईल. साठ माणसं येणार होती गं.”

“आणि तू कधी सांगितलंही नाहीस. माझ्या घरी जेवायला आलास, माझ्या मुलांना चक्राच्या गोष्टी सांगितल्यास. मूग गिळून बसलास आणि वर तिथे ध्यानाची पाटी लावलीस.” ती किटलीकडे वळली. “तुला माहीत होतं?”

किटलीने नकारार्थी मान हलवली. मग खाली बघत म्हणाली, “शिसं नव्हतं माहीत. शपथ. पण चार वर्षांत माझ्यावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा आलं. ते मला माहीत होतं. मी कधी विचारलं नाही, की बाई, असं कसं. मला बरंच वाटत होतं.”

त्या सगळ्या दुपारभरात तेवढंच एक खरं बोललं गेलं, आणि त्याचा तिला त्यातल्या त्यात कमी राग आला.

“झालं ते झालं,” दादा म्हणाला. आता त्याचे डोळे भरून आले होते. ते नेहमी वेळेवर भरत. “पण पोस्टरांवर कशाला राग काढतेस? ती सगळ्यांची आहेत. मी चुकलो असेन, पण तो समूह खोटा नव्हता. ती जिन्यात लागू देत, मुंगे.”

तिने नळी उघडली. सातही पोस्टरं टेबलावर अंथरली. त्यासाठी चहाचे कप बाजूला सारायला तिचा हात आपोआप पुढे झाला, चारही कप उचलून मोरीत ठेवले गेले आणि बोटं नळाकडे वळलीसुद्धा. तिथे ती थांबली. स्वतःच्याच हाताकडे तिने असं पाहिलं की किटलीने नजर वळवली. मग तिने एक कप, स्वतःचा, धुतला आणि पालथा घातला. बाकीचे तीन तसेच राहू दिले.

परत येऊन तिने संमतीपत्रावरचं पेन उचललं. दादाचा चेहरा उजळला. पण पेन कागदाला लागलं ते पहिल्या पोस्टरच्या उजव्या कोपऱ्यात. तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, ठसठशीत, वळणदार, जिन्यातल्या त्या लाल अक्षरांना लाज वाटावी असं. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. अशी सातही. शाई वाळेपर्यंत ती उभी राहिली, मग पोस्टरं गुंडाळून नळीत भरली.

“जिन्यात लावायची असतील तर मला पत्र पाठव,” ती दादाला म्हणाली. “लिफाफ्यावर हेच नाव लिही. मुंगी म्हणून आलेलं पत्र मी फोडणार नाही.”

“आणि पाटी?” मालकीणबाईंनी हळूच विचारलं. “चक्राखाली काय लिहू?”

“भांडी घासायची पाळी. तेवढंच लिहा. ध्यान काढून टाका.”

स्क्रू-ड्रायव्हर अजून टेबलाच्या कडेला पडला होता. तिने त्याचं टोक शिशाच्या कडेला घातलं आणि मनगटाचा एक झटका दिला. गोळा टेबलावर पडून टक्कन वाजला. तो उचलून तिने दादाच्या हातात ठेवला आणि त्याची बोटं स्वतःच्या हाताने मिटली. “हे तुझं.” मग चक्र भिंतीवर परत चढवलं, आठही चित्रांवरून एकदा नजर फिरवली आणि सगळा जीव लावून ते फिरवलं.

नवीन बेअरिंग होतं. आता मागे काही ओढ नव्हती. चक्र फिरतच राहिलं. घुबड, शिडी, कावळा, चंद्र, सगळ्यांचा मिळून एकच करडा पट्टा झाला. दादा त्याच्याकडे बघत होता, किटली बघत होती. तिने पिशवी खांद्याला लावली, नळी काखेत घेतली, विटेएवढा ठोकळा अडकवलेली खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि दाराकडे चालू लागली.

ती उंबऱ्यापाशी पोचली तेव्हा मागून मालकीणबाईंचा आवाज आला. “ताई! थांबलं बघा! अहो, बघा तरी कुणावर आलंय!”

ती वळली नाही.

“ज्याच्यावर आलं असेल त्याला सांगा,” ती म्हणाली, “मोरीत तीन कप पडलेत.” आणि दार ओढून घेतलं.